धुरीला येणारी बाई

१

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. म्हणाल तर देवाची शपथ, म्हणाल तर ग्रीन कार्डाची. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये दुसरी जास्त चालते. मी स्वतः त्या खोलीत होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, त्या दिवशी नव्हतो. नंतर बारशाला गेलो, तेव्हा त्या खोलीचं दार बंद होतं. पण ज्याने मला हे सांगितलं तो श्रीरंग आठल्ये खोटं बोलत नाही. बोललाच तर फक्त मॅनेजरशी. थोडा मीठमसाला मी घातलाय. कुठे घातलाय ते शेवटी सांगून टाकतो, म्हणजे मीही सुटलो आणि तुम्हीही.

तर श्रीरंग. पुण्याचा, डेटाबेसवाला, पुराव्याशिवाय पाण्यालाही ओलं न म्हणणारा माणूस. बायको निधी नुकतीच बाळंतीण झालेली. सिझेरियन, त्यामुळे जिना चढणं-उतरणं बंद, मुक्काम टाउनहाउसच्या वरच्या मजल्यावर. तिची आई अहिल्याबाई वर्ध्याहून बाळंतपणाला आलेल्या, त्या खालच्या पाहुण्यांच्या खोलीत. आणि या दोघींमध्ये दिवसभर वर-खाली होणारं तान्हं म्हणजे रुही. हॉस्पिटलने नाव लिहूनच घरी सोडलं होतं, पण बारशाआधी नाव उच्चारायचं नाही म्हणून आजी तिला ‘छकुली’ म्हणायच्या.

अहिल्याबाईंनी ओवा आणला होता, बाळंतशेपा आणल्या होत्या, वावडिंग आणलं होतं. आणल्या नव्हत्या त्या फक्त गोवऱ्या. आंघोळीनंतर बाळाला धुरी द्यायची तर निखारा हवा, आणि श्रीरंगच्या स्वयंपाकघरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी.

“या आरशावर निखारा कसा पडेल, बाप्पा?” अहिल्याबाईंनी विचारलं.

“आई, डॉक्टर धूर नको म्हणालेत.”

“डॉक्टरला कोणी दिली नसेल धुरी. म्हणून तर असा पडक्या आवाजात बोलतो तो.”

जावई किती वाद घालणार? दुकानातले रॉकेलच्या वासाचे दाबलेले कोळसे सासूबाईंनी नाकाला लावून परत केले. मग श्रीरंगने शोधून खऱ्या लाकडी कोळशाची जाड कागदी पिशवी आणली. पिशवीवर एका झाडाचं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत, पॅराग्वेचं उत्पादन.

पहिल्याच दिवशी छतावरच्या अलार्मने घर डोक्यावर घेतलं. धूर आणि विषारी वायू, दोन्हींसाठी एकच डबी होती ती. श्रीरंग स्टुलावर चढला आणि त्याने डबीला हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची शॉवर कॅप घातली. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. दोन बोटं खिडकी म्हणजे भरपूर हवा, असं त्याने स्वतःला समजावलं. आपल्यातल्या निम्म्या घरांत फोडणीसाठी हीच व्यवस्था असते, तेव्हा हसू नका.

२

रोजचं सगळं अंगवळणी पडलं. सकाळी श्रीरंग मागच्या अंगणातल्या ग्रिलवर कोळसे पेटवायचा, लाल झाले की लोखंडी तव्यात घेऊन खोलीत ठेवायचा, आणि स्टँडअप मीटिंगसाठी वर पळायचा. अहिल्याबाई जमिनीवर गोधडीवर पाय लांब करून बसायच्या. पायांवर बाळ, पुढ्यात तवा. ओवा पडला की तडतड व्हायची, धूर उठायचा, आणि त्या बाळाला तळहातावर पालथं घालून त्या धुरावरून फिरवायच्या. छातीला शेक, पाठीला शेक. शेवटी काजळाची तीट. डाव्या गालावर, त्यांच्या आईने त्यांना लावली तशी.

कोळसा मात्र विचित्र होता. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की चिनी मातीच्या कपासारखे खणखणायचे. विझता विझत नसत. श्रीरंगला कौतुक वाटलं होतं. चांगला माल आहे, म्हणाला.

मग एकदा तवा बाहेर नेताना त्याला पक्ष्याचा आवाज ऐकू आला. तव्यातून. लांब कुठेतरी, एकाच सुरात, दमलेल्या माणसाने शीळ घालावी तसा. त्याने कान जवळ नेला. कोळशातली हवा बाहेर पडताना असं होतं, हे त्याला माहीत होतं. खरं तर माहीत नव्हतं, पण पटलं.

त्याच दुपारी निधीने वरून हाक मारली.

“श्री, आईला विचार ना, तीट उजव्या गालावर का लावली?”

श्रीरंगने पाहिलं. उजवा गाल. आणि ते काजळ नव्हतं. बोटाला कोरडं लागलं, खरखरीत. कोळशाची पूड.

“मी डाव्याच गालाला लावते,” अहिल्याबाई ठामपणे म्हणाल्या. मग मटार सोलता सोलता त्यांना आठवलं. “तिने लावली असेल.”

“तिने कोणी?”

“तुमच्या बाईने.”

३

श्रीरंगने मोबाइलवरून मान वर केली.

“कोणती बाई, आई?”

“अहो, तुम्हीच नाही का लावलीत, श्रीरंगराव? मालिशवाली. आमच्या हाताखाली कोणी हवं म्हणून. चांगली आहे हो. बोलत नाही, पण हात हलका आहे. तिचंही तान्हं आहे, ते घेऊनच येते. बिचारी कुठे ठेवेल?”

बाई लावली होती हे खरं. उत्तराताई नावाच्या, मंडळाच्या ग्रुपवर सापडलेल्या. पण सुरुवात करायच्या आधीच त्यांनी घरात फ्लू आहे म्हणून मेसेज करून कॅन्सल केलं होतं, आणि हे सासूबाईंना सांगायचं राहून गेलं होतं. श्रीरंगने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला.

“अहो दादा, मी कुठे आले? मला तुमचं घरसुद्धा माहीत नाही,” उत्तराताई म्हणाल्या आणि दोनदा शिंकल्या.

दारावरच्या कॅमेऱ्यात कुरिअरवाला होता, शेजारचा कुत्रा होता, एक हरीणही होतं. बाई नव्हती.

“आई, ती येते कुठून?”

“येते कुठून म्हणजे? धूर वर चढला की समोर बसलेली असते. दार तुम्ही उघडंच ठेवता.” अहिल्याबाईंनी शेंगेतला किडका दाणा बाजूला टाकला. “माझ्यासारखीच पाय लांब करून बसते. तळव्याला तळवा लागतो कधी कधी. भेगा पडल्यात हो तिच्या पायांना! मी म्हटलं तिला, कोकम तेल लाव. हसते नुसती. मग मी तिचं बाळ घेते, ती आपलं घेते. धुरी सारखी बसते दोघांना.”

“बाळं बदलता तुम्ही?”

“बदलायला काय झालं? धुरी होईपर्यंत.”

“आणि परत देताना? आपलं कोणतं ते कसं कळतं?”

अहिल्याबाई मोकळेपणाने हसल्या. “ऐका हे! आपलं आपल्याला कळत नाही काय?”

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. परत गेल्यावर ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

४

श्रीरंगने त्या संध्याकाळी जे केलं ते तुम्ही-आम्हीही केलं असतं. वाचत बसला. बंद खोलीत कोळसा जळला की वायू होतो, त्याने डोकं जड होतं, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. म्हाताऱ्या माणसाला आधी. झालं! त्याचा जीव भांड्यात पडला. चूक आपली, शॉवर कॅप आपली, बाई वायूची. उद्यापासून धुरी बंद.

दुसऱ्या दिवशी धुरी झाली नाही. अहिल्याबाई फुगून बसल्या. आणि दुपारी कॉलनीच्या लोकांनी मागच्या पाइनची झाडं कापायला माणसं पाठवली.

रुही व्हॅक्युम क्लीनर चालू असताना झोपणारं पोर होतं. कुकरच्या शिट्टीला हसायची. पण बाहेर यांत्रिक करवत सुरू झाली आणि पाळण्यातून जो आवाज आला तो ऐकून श्रीरंग जिन्यावरून धडपडत वर गेला. पोरीचं अंग ताठ झालं होतं. डोळे उघडे, खिडकीकडे. बाहेर एक झाड पडलं, आणि घर हादरलं त्याच्या आधी, आधी हं, ती थरारली. जणू तिला कळलं होतं की करवतीनंतर काय येतं.

करवत थांबली तेव्हा ती गप्प झाली. मोठं माणूस श्वास रोखून लपतं तशी गप्प.

निधीने तिला छातीशी धरलं होतं.

“श्री, वास घे हिचा.”

“धुरीचा आहे.”

“कालपासून दोनदा नुसत्या जॉन्सन्सने अंघोळ घातलीय मी. आणि हे रडणं... मी आई आहे हिची, यार. हे आपलं रडणं नाहीये.”

श्रीरंग म्हणाला, तू दमली आहेस. म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज पडका वाटला.

खाली सासूबाईंच्या खोलीत बाळाचा मॉनिटर होता, आवाज झाला की आपोआप रेकॉर्ड करणारा. त्याने इअरबड लावून मागचे तुकडे ऐकले. पाण्याची छपछप. ओव्याची तडतड. अहिल्याबाईंची अंगाई. मग त्या श्वास घ्यायला थांबतात, आणि मॉनिटरच्या अगदी जवळून दुसरं कुणीतरी बाळाला गप्प करतं. शूऽऽ. शूऽऽ. त्यामागून चार-पाच शब्द, हळू, बाईच्या आवाजात.

वायू माणसाला भुलवतो. मॉनिटरला कसा भुलवेल?

५

ऑफिसात त्याच्या टीमची टेस्टिंग लीड रामोना बेनितेस. जन्माने पॅराग्वेची. दुपारी पार्किंगच्या कडेला झाडाखाली बसून गाईच्या शिंगाच्या पेल्यातून, धातूच्या नळीने, बर्फाच्या पाण्यातला कडू पाला ओढत असायची. श्रीरंगशी तिचं जमायचं, कारण दोघांचीही मुलं इंग्रजीत उत्तरं देणार हे ठरलेलं. रामोनाचा मुलगा देत होताच. “आमच्याकडे सरकारी अर्ज स्पॅनिशमध्ये,” ती म्हणायची, “आणि भांडण, प्रेम, चहाडी आमच्या जुन्या बोलीत, ग्वारानीत. पोराला फक्त अर्ज येतो.”

श्रीरंगने आधी तिला पिशवीचा फोटो दाखवला.

“अरे वा, चाको!” ती म्हणाली. “आमच्या देशाची पश्चिमेची बाजू. काटेरी, कोरडं जंगल. हे लाकूड इतकं कठीण की नावाचा अर्थच कुऱ्हाड मोडणारं. आता कुऱ्हाड कोण वापरतं म्हणा. दोन बुलडोझरांमध्ये साखळी बांधतात आणि जंगलावरून ओढत नेतात. जमीन गुरांना, लाकूड भट्टीला, कोळसा तुमच्या बार्बेक्यूला. माझ्या काकाच्या भट्ट्या होत्या. विटांचे घुमट, रांगेने. लहानपणी मला ती घरं वाटायची.”

“तिथे माणसं राहतात?”

“जंगलात? राहतात. काही कुटुंबं अजून बाहेरच आलेली नाहीत. म्हणजे आपल्यासमोर. त्यांना कोणी पाहिलेलं नाही, फक्त पावलं दिसतात, विझलेली चूल दिसते. चारही बाजूंनी कापत आणलं की ती आत सरकतात.”

“आत म्हणजे कुठे?”

“जिकडे उरलंय तिकडे.” तिने पेला त्याच्यापुढे केला. “घे, ओढ. तुझा चेहरा बघ कसा झालाय.”

त्याने नको म्हणून मान हलवली आणि इअरबड तिच्या हातात दिला.

रामोनाने ऐकलं. अंगाईला हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि खाली काहीतरी बदललं. तिने ते पुन्हा ऐकलं.

“हे ग्वारानी नाही,” ती म्हणाली. “स्पॅनिश तर नाहीच.”

“मग?”

“मला माहीत नाही, श्री. पण आमचा देश एकदा जवळजवळ पुरुषांशिवाय उरला होता, युद्धानंतर. बायकांनी पोरं काखेत घेऊन तो परत उभा केला. माझी पणजी सांगायची, त्या बायका रात्रीही पोराला हाताबाहेर ठेवत नसत. देत फक्त तेव्हाच, जेव्हा वाटायचं की समोरच्या हातात ते जगेल.” तिने इअरबड परत दिला. “बाईचा आवाज घाबरलेला नाही. तेच मला आवडलं नाही. ही ठरवून बसलेली बाई आहे. पिशवीत किती कोळसा उरलाय?”

“एकदा पुरेल एवढा.”

रामोनाने पेल्यातलं उरलेलं पाणी गवतावर ओतलं.

६

दोन रस्ते होते आणि श्रीरंगला दोन्ही वेड्याचे वाटत होते. कोळसा फेकून द्यायचा, आणि पाळण्यात जी आहे ती आपली मानायची. किंवा शेवटचा पेटवायचा, आणि आपली परत मागायची.

सकाळी त्याने ग्रिल पेटवलं.

“सुचलं म्हणायचं!” अहिल्याबाई खूष झाल्या. गोधडी अंथरून पाय लांब केले. त्याने बाळ त्यांच्या हातात दिलं. तीट डाव्या गालावर त्याने स्वतः उभं राहून लावून घेतली, म्हणजे दिली कोणती आणि आली कोणती हे कळेल.

“मी इथेच बसतो, आई.”

“बसा. पण तिला लाजवू नका. बाईमाणूस आहे.”

ओवा पडला. तडतड झाली. धूर उठला, खिडकीच्या फटीकडे जायचा सोडून सरळ उभा राहिला, भिंतीसारखा. श्रीरंगला आधी तो पक्षी ऐकू आला. मग लांबून, फार लांबून, ती करवत. नाही, करवत नव्हती. साखळी. ओढली जाणारी.

“आलीस का गं?” अहिल्याबाई म्हणाल्या.

आणि त्याने पाहिलं. धुराखाली, जमिनीलगत, सासूबाईंच्या मेंदी लावलेल्या तळव्यांसमोर दुसरे दोन तळवे. राखेचे. टाचांना भेगा, भेगांत करडी माती. बोटं पसरलेली, खूप चाललेल्या पायांची असतात तशी. घोट्याच्या वर धूर होता, आणि धुरात काही नव्हतं. मग त्यातून दोन हात पुढे आले, आणि हातांवर एक पालथं मूल.

“आण इकडे,” अहिल्याबाई म्हणाल्या आणि आपल्या हातातलं पुढे केलं.

दोन बाळं तव्यावर एकमेकींना ओलांडताना दिसली. एवढीशी, सारखी, दोघींची पाठ उघडी. श्रीरंगच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तो माणसाचा नव्हता असं नंतर सासूबाई म्हणाल्या. पलीकडचे हात थबकले. आणि त्याला ठामपणे जाणवलं की धुरातून कोणीतरी आपल्याकडे बघतंय. रागाने नाही. उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

त्याने झेप घेतली आणि धुराच्या मधोमध हात घालून जे मूल हाताला लागलं ते उचललं.

तव्यातला कोळसा एकदम काळा पडला.

७

पुढचं सोपं आहे. त्याच क्षणी छतावरचा अलार्म किंचाळला. खोलीत वायू भरला होता. आगीचा बंब आला, जाड बुटांची माणसं आत शिरली, त्यांनी यंत्र फिरवलं आणि आकडा बघून त्यांच्या साहेबाने श्रीरंगला असा झापला की शेजारच्या देवांगने व्हिडिओ काढला. सगळ्यांना हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन दिला. वायू माणसाला काय काय दाखवतो, हे डॉक्टरांनी समजावलं. अहिल्याबाईंनीही मान्य केलं की बाई असेल-नसेल, आपल्याला काय दिसतंय म्हणा. आणि श्रीरंगच्या हातातल्या बाळाच्या डाव्या गालावर काजळाची तीट होती. ठसठशीत. बारसं झालं, मी जिलब्या खाल्ल्या, रुही आता पावलं टाकते.

बरं. शेवटी सांगतो म्हणालो होतो ना, की मी काय रचलं?

अलार्म मी रचला. ज्या डबीला श्रीरंगने स्वतः शॉवर कॅप घातली ती वाजेल कशी? बंब आला नाही, यंत्र फिरलं नाही, आकडा नव्हता. डॉक्टरांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. हे सगळं मी घातलं, कारण ते नसलं की मला झोप लागत नाही.

आणि तीट. तीही मी घातली.

अहिल्याबाई रिकामे हात पुढे धरून बसल्या होत्या. धूर विरला होता, समोर नुसती फरशी. निधी टाके धरून कशीबशी जिना उतरत खाली येत होती. “श्री, आपलीच आहे ना? श्री?” बाळाचं तोंड श्रीरंगच्या छातीत होतं. गाल वळवला असता तर कळलं असतं, डावा की उजवा, काजळ की कोळसा. त्याने डोळे मिटले, आणि आधी एका गालावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या.

निधी दारात पोहोचली, तेव्हा दोन्ही गाल कोरे होते.